काव की पिवडी: भिंतीसाठी दोन उबदार रंग पारखायची रीत

शेडकार्डावर उबदार रंगांचं पान उघडलं की बोट बहुतेक दोन जागी थांबतं. एक विटकरीकडे झुकलेला तांबूस आणि दुसरा मोहरीच्या पिवळ्याकडे झुकलेला. कोकणात जुन्या घरांना हेच दोन रंग चुन्यात कालवून देत, एकाला काव म्हणत आणि दुसऱ्याला पिवडी. आता त्यांची जागा कोड नंबरांनी घेतली आहे, पण हॉल रंगवायचा ठरला की घरातली चर्चा फिरून याच दोघांपाशी येते. पुढे आम्हीही त्यांना काव आणि पिवडीच म्हणू.

दोघांचं मूळ एकच, लोखंडाचं ऑक्साइड. पिवडीतल्या लोहखनिजात पाणी बांधलेलं असतं. ती भाजली की पाणी निघून जातं आणि तीच पिवळी माती तांबडी होते. म्हणून हे दोन रंग शेजारी ठेवले तर एकमेकांना परके वाटत नाहीत. भिंतीवर चढल्यावर मात्र त्यांची वागणूक एकमेकांच्या उलट असते. पिवडी पडलेल्या उजेडातला बराचसा परत फेकते, काव तो पिऊन टाकते. त्यामुळे पारख सुरू होते ती उजेडापासून: या भिंतीपाशी तो किती येतो, कुठून येतो आणि वाटेत कशाकशाला आपटून येतो.

उजेड परत फेकण्याला एक आकडा आहे, एलआरव्ही. 0 म्हणजे पूर्ण काळा, 100 म्हणजे पूर्ण पांढरा. मध्यम विटकरी रंगाचा आकडा साधारण 15 ते 25 मध्ये असतो, मोहरी-पिवळ्याचा 45 ते 60 च्या आसपास, ऑफव्हाइटचा 80 च्या वर. काही शेडकार्डांवर शेडच्या मागे किंवा खाली तो छापलेला असतो. छापलेला नसेल तर दोन्ही नमुने एकाच फोटोत घ्या आणि फोनवर फोटो कृष्णधवल करा. कोणता किती काळवंडला ते लगेच दिसेल. फोनचा उपयोग एवढ्यापुरताच. फोटोतल्या छटेवर विश्वास ठेवू नका, कारण कॅमेरा पांढऱ्याचा तोल आपल्या मनाने बदलतो आणि मोहरीचा लिंबू करून टाकतो.

मुंबईच्या खोलीतला उजेड

दक्षिणेकडच्या खिडकीचं उदाहरण घ्या. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 47 ते 48 अंश वर असतो, त्यामुळे छज्जा मोठा नसेल तर ऊन खिडकीपासून पाच-सहा फूट आत येतं आणि फरशीवरून उसळून समोरच्या भिंतीवर पडतं. 15 मे आणि 27 जुलैच्या सुमारास सूर्य मुंबईच्या थेट डोक्यावर असतो, त्या दिवसांत याच खिडकीतून दुपारचं ऊन आत येतच नाही. म्हणजे मेमध्ये पसंत केलेला रंग डिसेंबरात वेगळा दिसला तर दोष रंगाऱ्याचा नाही. पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन संध्याकाळी चारनंतर स्वतःच केशरी असतं. त्या उन्हात काव पेटल्यासारखी दिसते आणि पिवडी जवळजवळ नारिंगी होते. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा पण थंड असतो, त्यात पिवडीची पहिली परीक्षा होते.

पण मुंबईत बऱ्याचदा दिशेपेक्षा समोरची इमारत महत्त्वाची ठरते. बारा-पंधरा फुटांवर दुसऱ्या विंगची भिंत असेल, तर तुमच्या घरात येतो तो त्या भिंतीचा उजेड. समोर फिकट हिरवा रंग असेल किंवा खिडकीला लागून पर्जन्यवृक्ष असेल, तर आत हिरवट झाक येते आणि पिवडी ती पटकन उचलते. पावसाळ्यात गॅलरीवर आणि छज्ज्यावर निळी ताडपत्री चढली की चार महिने सगळ्या खोलीवर निळसर छाया असते. तिच्याखाली पिवडी खाकी दिसते आणि काव मातकट तपकिरी. बाहेर काढलेलं ग्रिल, त्यातल्या कुंड्या, वाळत घातलेले कपडे हेही उजेड कापतात. रंग पारखताना ग्रिल रिकामं करून ठेवू नका. खिडकी रोज जशी असते तशीच असू द्या.

नमुना भिंतीवर नको, फळीवर

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. रंगारी जुन्या भिंतीवर हातभर अंतरात दोन पट्टे मारतो आणि म्हणतो, "बघा ताई, कुठला करायचा?" त्या दोन पट्ट्यांवरून कुणालाच नीट सांगता येणार नाही. खालचा जुना रंग, उदाहरणार्थ फिकट निळा, नव्या रंगाला कडेने रेटत असतो, आणि शेजारचे दोन पट्टेही एकमेकांना रेटत असतात. पॅरिसच्या, चित्रं विणलेले पडदे बनवणाऱ्या गोबेलँ कारखान्यात रंगाई खात्यावर देखरेख करणाऱ्या मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने हा परिणाम 1839 मध्ये सविस्तर मांडला. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली होती आणि दोष धाग्याच्या रंगात नव्हताच, शेजारच्या धाग्यांच्या रंगात होता. भिंतीवर तेच घडतं. कावेच्या शेजारी पिवडी हिरवट वाटते आणि पिवडीच्या शेजारी काव जास्त लाल वाटते. एकटी असताना दोन्ही तशा नसतात.

म्हणून फळ्या करा. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या 5 मिलिमीटर सनबोर्डाचे 2 फूट बाय 2 फुटांचे चार तुकडे कापून घ्या, दोन कावेसाठी आणि दोन पिवडीसाठी. साधा पुठ्ठा घेऊ नका, ओला झाला की तो वाकतो आणि वाकलेल्या पृष्ठभागावर रंग एका बाजूला गडद दिसतो. सनबोर्ड गुळगुळीत असतो, तेव्हा 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, पुसा आणि वॉटर बेस प्रायमरचा एक हात द्या. प्रायमर सुकला की चारही कडांना दीड इंच मास्किंग टेप लावा, म्हणजे शेवटी पांढरी चौकट उरेल. ही चौकट डोळ्याला पांढऱ्याचा आधार देते आणि भिंतीचा जुना रंग नमुन्यापासून दूर ठेवते.

रंग ब्रशने लावू नका. जो रोलर भिंतीवर फिरणार आहे त्याच जातीचा चार इंची रोलर घ्या, कारण रोलरचे बारीक दाणे सावली धरतात आणि दाणेदार पृष्ठभाग किंचित गडद भासतो. फिनिशही तोच हवा. मॅट शेडचा नमुना पाहून भिंतीला शीन (किंचित चकाकणारं फिनिश) मारली तर तोच कोड जास्त खोल आणि भडक दिसेल. दोन हात द्या, मध्ये चार तास सोडा, पावसाळ्यात सहा. किती रंग लागेल? एका रंगाच्या दोन फळ्या म्हणजे 8 चौरस फूट. चांगलं इमल्शन 1 लिटरमध्ये दोन हातांनी 100 ते 140 चौरस फूट जातं, तेव्हा 100 मिली पुरतं. 200 मिलीचा सॅम्पल पॅक मिळाला तर उत्तम, नाहीतर 1 लिटरचा डबा घ्यावा लागेल. उरलेला रंग वाया जात नाही, त्याबद्दल पुढे.

ओल्या रंगावरून काहीही ठरवू नका. इमल्शन ओलं असताना त्यातलं बाइंडर, म्हणजे रंग भिंतीला धरून ठेवणारा चिकट घटक, दुधाळ असतं, म्हणून रंग फिका दिसतो. सुकताना बाइंडर पारदर्शक होतं आणि रंग एक-दोन पायऱ्या उतरतो. कावेत हा फरक जास्त जाणवतो. रात्री रंगवा आणि सकाळी बघा.

फळ्या कुठे आणि केव्हा बघायच्या

फळी टेबलावर आडवी ठेवून बघू नका. आडव्या पृष्ठभागावर छताकडून येणारा उजेड पडतो, भिंतीवर तो बाजूने येतो. फळी भिंतीला टेकवून, डोळ्याच्या उंचीला, टेपने चिकटवा. तीन जागा घ्या: खिडकीच्या समोरची भिंत, खिडकी ज्या भिंतीत आहे तीच भिंत, आणि खोलीचा सगळ्यात आतला कोपरा. वेळा चार: सकाळी 8, दुपारी 1, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री सगळे दिवे लावून. एका वेळी एकच रंग बघा, दुसरा दुसऱ्या खोलीत ठेवा. निदान पाच मिनिटं त्या खोलीत नेहमीचं काम करा, पेपर वाचा, भाजी निवडा, आणि मग मान वर करून बघा. टक लावून बघितलं की डोळा थकतो आणि मध्यम रंगही भडक वाटू लागतो. जे दिसलं ते एका ओळीत लिहून ठेवा. "सकाळी, कोपरा, पिवडी: शेणकट." एवढं पुरे.

आता दुसऱ्या फळीचा उपयोग. एकाच रंगाच्या दोन फळ्या खोलीच्या कोपऱ्यात उघड्या पुस्तकासारख्या, काटकोनात उभ्या करा आणि मधल्या घडीकडे बघा. तिथे रंग दोन्ही पानांपेक्षा गडद आणि भडक दिसेल, कारण एका फळीवरून उसळलेला पिवळा उजेड दुसऱ्या फळीवर पडतो आणि तिचा पिवळा आणखी वाढवतो. चारही भिंती रंगवल्या की अख्खी खोली अशीच घडी होते. शेडकार्डावर सौम्य वाटलेली पिवडी घरात अंगावर येते, त्याचं कारण हेच. उपाय सोपा आहे: चारही भिंतींना पिवडी देणार असाल तर आवडलेल्या शेडपेक्षा एक, खोली लहान असेल तर दोन घरं फिकी शेड घ्या. एकाच भिंतीला देणार असाल तर आवडलेली शेड तशीच ठेवा.

निकाल कसा वाचायचा? काव खिडकीच्या भिंतीवर भर दुपारी चॉकलेटी दिसत असेल, तर तिला त्या भिंतीवर जागा नाही. उजेड कमी झाला की डोळ्याला लाल रंग इतर रंगांच्या आधी काळवंडलेला दिसतो, म्हणून संध्याकाळी साडेसहाला, दिवे लावायच्या आधी, काव एकदम जड होते. खोलीत त्या वेळी कुणी बसत नसेल तर बिघडत नाही. आजी-आजोबा तिथेच बसून चहा घेत असतील तर विचार करा. पिवडी सकाळच्या ढगाळ उजेडात हिरवट दिसत असेल, तर लोक घाबरून तिची फिकी शेड निवडतात. त्याने हिरवटपणा जात नाही, फक्त फिका हिरवटपणा मिळतो. त्याऐवजी तांबड्याकडे सरकलेली पिवडी मागा, हापूसच्या गराकडे जाणारी. शेडकार्डावर ती बहुतेक त्याच पानावर, दोन-तीन पट्ट्या पलीकडे असते.

रात्रीची पारख वेगळी आहे, आणि ती टाळणारे सगळ्यात जास्त पस्तावतात, कारण नोकरदार माणूस आपल्या भिंती रात्रीच बघतो. बहुतेक घरांत एलईडी ट्यूब 6500 केल्विनची असते, म्हणजे निळसर पांढरी. तिच्याखाली पिवडी लिंबाकडे झुकते आणि काव निस्तेज तपकिरी होते. 4000 केल्विनला दोन्ही बऱ्यापैकी खऱ्या दिसतात. 2700 ते 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्यात काव खुलते, पण फिकी पिवडी पांढऱ्यात विरघळून जाते आणि पैसे कशाचे दिले असं वाटतं. खोक्यावर सीआरआय हा आकडाही बघा, दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं ते माप. 80 चालतो, 90 असेल तर लाल-तांबडे रंग जिवंत राहतात. कावेवर मन बसलं असेल आणि ट्यूब 6500 ची असेल, तर आधी ट्यूब बदलून बघा. लिटरभर रंगापेक्षा ती स्वस्त पडते.

एक बारीक गोष्ट आरशाची. आरशासमोरची किंवा बाजूची भिंत पिवडीची असेल तर तिचा उजेड चेहऱ्यावर पडतो आणि पांढऱ्या ट्यूबखाली चेहरा आजारल्यासारखा दिसतो. आरशापाशी काव किंवा ऑफव्हाइट बरा.

घरातल्या न बदलणाऱ्या वस्तू

फरशी, दारं आणि मोठं कपाट रंगाबरोबर बदलत नाहीत, तेव्हा फळी त्यांच्याजवळ धरा. हस्तिदंती विट्रिफाइड टाइलच्या शेजारी मोहरी-पिवडी टाइलला मळकट करते, काव तिला स्वच्छ दाखवते. कोटा किंवा शहाबादी फरशीची करडी-हिरवट झाक कावेला छान उठाव देते. जुन्या इमारतीतल्या मोझेकच्या लाद्यांत पिवळे-तांबडे दाणे असतात. लादी ओली करा, दाण्यांचा खरा रंग दिसेल, आणि फळी त्यातल्या एखाद्या दाण्याशी जुळते का बघा. जुळली तर खोली लगेच बसते. सागवानी दारावरचं पॉलिश बहुतेक नारिंगीकडे झुकलेलं असतं. त्याच्या मागे काव दिली की दार भिंतीत बुडून जातं, पिवडीवर तेच दार स्पष्ट उठून दिसतं. सनमायका गडद अक्रोडी असेल तर दोन्ही चालतात.

छताचा पांढरा मात्र विसरू नका. निळसर झाक असलेला लखलखीत पांढरा पिवडीच्या डोक्यावर बसला की पिवडी मळल्यासारखी दिसते. किंचित उबदार पांढरा मागा.

दोन्ही हवे असतील तर

निम्मे-निम्मे करू नका. समसमान वाटले की खोलीत दोन रंग एकमेकांशी जागेसाठी झगडतात. काव एका भिंतीवर ठेवा, बाकी तिन्हींना फिकी पिवडी किंवा उबदार ऑफव्हाइट. कावेची भिंत खिडकीसमोरची किंवा बाजूने उजेड घेणारी असावी. खिडकीच्याच भिंतीला काव दिली तर उजळ काच आणि काळवंडलेली भिंत यांच्यात डोळा सारखा ताणला जातो. 9 बाय 14 सारखा लांबट हॉल असेल तर काव आतल्या अरुंद भिंतीवर द्या, ती पुढे आल्यासारखी दिसते आणि खोलीची नळी कमी होते.

चाळीतल्या 10 बाय 12 च्या खोलीत उजेड एकाच बाजूने, दारातून आणि शेजारच्या खिडकीतून येतो. तिथे भिंतभर काव देणं म्हणजे दिवसाही ट्यूब लावणं. पण जुनी पद्धत इथे खूप कामाला येते: खालून साडेतीन फुटांपर्यंत काव, वर फिकी पिवडी. हाताचे, पाठीचे, सायकलच्या हँडलचे डाग खालच्या पट्ट्यातच पडतात आणि कावेवर ते लपतात. खालचा पट्टा धुता येईल अशा शीन इमल्शनचा घ्या.

दोन रंगांची सीमारेषा सरळ येण्याची एक युक्ती आहे. आधी फिका रंग पूर्ण करा आणि एक दिवस सुकू द्या. पाणसळ आणि दोरीने रेघ आखून मास्किंग टेप लावा. टेपची कड पुट्टीच्या पत्र्याने घट्ट दाबा आणि त्या कडेवर आधी फिक्याच रंगाचा पातळ हात मारा. टेपखाली जे झिरपायचं ते फिकंच झिरपेल आणि फट बुजेल. मग काव मारा. शेवटचा हात पूर्ण कडक व्हायच्या आत, साधारण अर्ध्या-पाऊण तासात, टेप स्वतःकडे दुमडून हळूहळू ओढा. दुसऱ्या दिवशी ओढली तर रंगाची कातडी टेपबरोबर निघते.

रंग घेताना आणि मारताना काय बिघडतं

दुकानातलं मशीन बेसमध्ये, म्हणजे शेड मिसळायच्या आधीच्या मूळ रंगात, रंगद्रव्य सोडतं. फिक्या शेडच्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असतं, त्यामुळे तो खालचं झाकतो. गडद शेडच्या बेसमध्ये ते नावापुरतं असतं, नाहीतर रंग गडदच होणार नाही. लोह ऑक्साइडवर आधारलेली काव किंवा मातकट पिवडी स्वतः चांगली झाकते. पण शेड जितकी तेजस्वी, तितकी त्यात सेंद्रिय लाल-पिवळी द्रव्यं जास्त, आणि ती पांढऱ्या प्रायमरवर पारदर्शक पडतात. दोन हातांनंतरही रोलरचे पट्टे दिसतात आणि रंगाऱ्याशी वाद होतो. म्हणून दुकानात कोड सांगून दोन गोष्टी विचारा: ही शेड कोणत्या बेसमध्ये बनते, आणि लिटरचा दर काय. बेस गडद असेल तर तिसऱ्या हाताचा हिशोब आधीच धरा, किंवा पहिला हात त्याच घराण्यातल्या मध्यम शेडचा द्या. तो झाकण्याचं काम करतो आणि वरचे दोन हात खरा रंग देतात.

हिशोब असा. खोली 10 बाय 12, उंची साडेनऊ फूट. परिघ 44 फूट, गुणिले 9.5 म्हणजे 418 चौरस फूट. त्यातून दाराचे 21 आणि खिडकीचे 20 वजा केले की 377 उरतात. 1 लिटरला दोन हात 120 चौरस फूट धरले तर पिवडी 3.1 लिटर लागेल, म्हणजे 4 लिटरचा एक डबा. आता 12 फुटी एकच भिंत काव: 114 चौरस फूट, दोन हातांना जवळपास 1 लिटर, तिसरा धरून दीड. इथे 1-1 लिटरचे दोन डबे घ्या आणि सगळा रंग एकाच दिवशी, एकाच मशीनवरून करून घ्या. घरी दोन्ही डबे मोठ्या बादलीत एकत्र करून ढवळा. दोन डब्यांत थेंबाचा फरक असला तरी गडद रंगात तो भिंतीच्या मधोमध दिसतो.

पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला, तेही मापाने. अंदाजाने ओतलेल्या पाण्याने पिवडी पुसट होते आणि काव डागाळ सुकते. गडद भिंत मधेच सोडून जेवायला जाऊ नये. रोलरची ओली कड सुकली की तिथे दुहेरी थर बसतो आणि उभी रेघ उमटते. एक भिंत सुरू केली की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एका दमात, पंखा बंद ठेवून. शीन फिनिश असेल तर त्याआधी अंधारात टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा उजेड टाका आणि पुट्टीच्या लाटा पेन्सिलने खुणा करून पुन्हा घासून घ्या. फिक्या रंगात लपणारी लाट कावेवर शीनखाली हमखास दिसते.

ओल हा मुंबईतला मोठा शत्रू आहे आणि तो दोन रंगांना सारखा त्रास देत नाही. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीत आणि नैर्ऋत्येचा पाऊस झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीत पाणी क्षार घेऊन येतं, सुकताना क्षार वर राहतात आणि लोणा फुटतो. पिवडीवर हा पांढरा बुरा दोन हात अंतरावरूनही दिसत नाही. कावेवर दारातून दिसतो. तपासायला दीड फूट बाय दीड फुटाचं जाड पारदर्शक प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेपने बंद करून चिकटवा आणि किमान 16 तास ठेवा. आतून थेंब धरले किंवा भिंत काळसर पडली तर आधी गळती बंद करा. वर महाग प्रायमर मारून ओल थांबत नाही, पोपडे फक्त उशिरा निघतात. नवीन प्लास्टर असेल तर निदान 28 दिवस जाऊ द्या, कारण ताज्या सिमेंटच्या अल्कलीने तेजस्वी सेंद्रिय रंग ठिकठिकाणी उडतात. लोह ऑक्साइडवर तिचा परिणाम होत नाही, म्हणून शंका असलेल्या भिंतीसाठी मातकट शेडच सुरक्षित.

गणपतीच्या आधी घाईने रंग काढायचा बेत बहुतेक घरांत होतो. ऑगस्टच्या हवेत दोन हातांमधलं अंतर वाढवावं लागतं आणि भिंत आतून सुकलेली नसते. पिवडी त्यातून निभावते. काव करायची असेल तर पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात करा.

आणखी एक त्रास मॅट कावेचा. सोफ्याची पाठ, खांदा किंवा ओलं फडकं घासलं की तिथे चकाकी येते आणि ती पुसून जात नाही. डाग काढायला मधेच बोटभर रंग लावला तर सुकल्यावर ठिगळ दिसतं, जरी रंग त्याच डब्यातला असला तरी. कावेची दुरुस्ती म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला एक हात. पिवडीवर लहान रोलरने, कडा विरत नेल्या तर ठिगळ निभतं.

म्हणूनच उरलेला रंग जपा. मोठ्या डब्यात तळाशी राहिलेला रंग हवेने कातडी धरतो, तेव्हा तो गाळून काठोकाठ भरलेल्या काचेच्या बरणीत ठेवा आणि झाकण घट्ट लावा. बरणीवर शेडचा कोड, बेस, फिनिश, कोणती भिंत आणि तारीख लिहा. हीच नोंद हॉलच्या स्विचबोर्डाजवळच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, कारण पुढच्या वेळी डबा सापडेलच असं नाही. नमुन्याच्या चारही फळ्याही टाकू नका. पडदे किंवा सोफ्याचं कापड घ्यायला जाताना त्यातली एक कापडाच्या दुकानात घेऊन जा, आणि दुकानाच्या ट्यूबखाली नको, दाराबाहेर उजेडात धरून बघा.